झाकणाला वाचा फुटते

महिन्याच्या शेवटच्या रविवारी या घरात कुणी मरायचंसुद्धा नाही, असा अप्पांचा नियम होता. अप्पांनी तो स्वतःही पाळला. गेले ते सोमवारी.

शेवटचा रविवार म्हणजे सगळं घर वरून खाली साफ. आधी पंख्यांची पाती, मग कपाटांचे माथे, मग खिडक्या, शेवटी फरशी. आणि कुणीही स्वतःची खोली साफ करायची नाही, दुसऱ्याची करायची. आपला पसारा आपल्याला दिसत नाही, असं अप्पांचं म्हणणं. दुसऱ्याचा तेवढा दिसतो, हा बाकीच्यांचा अनुभव. अप्पा होते तोवर घरातले पुरुषही फडकं पिळायचे. अप्पा गेले आणि थोरल्या लेकाच्या कंबरेत उसण भरली, ती आजतागायत उतरलेली नाही. धाकटा लग्न करून भाड्याच्या घरात गेला आणि जाताना स्वतःचे हातही घेऊन गेला. लांबच्या शहरात राहणारी ताई, सगळ्यांत मोठी, दर शेवटच्या रविवारी टॅबलेटच्या पडद्यावर येऊन देखरेख करायची. उरल्या दोघी, सासू आणि थोरली सून. थोरली सासूची खोली साफ करायची आणि सासू थोरलीची. त्यात सासूचं फडकं कमी फिरायचं, डोळे जास्त.

थोरली दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. दिवसभर लोकांच्या कवळ्या घडवायची. सासूच्या तोंडातली कवळीसुद्धा तिच्याच हातची, वरची आणि खालची, इतकी चपखल की सासूला पुन्हा सुपारी फोडता येऊ लागली. "माझ्याच हातची कवळी लावते आणि मलाच चावते," असं थोरली प्रयोगशाळेत सांगायची. लोक हसायचे. ती हसायची नाही.

आणि तिचा सासूच्या खोलीवर डोळा होता. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं. कोपऱ्यातली खोली, दोन खिडक्या, दुपारचं ऊन. पण ऊन गेलं उडत. त्या खोलीच्या दाराला आतून कडी होती. न्हाणीघर सोडलं तर घरात आतून बंद होणारं तेवढंच एक दार. थोरलीच्या खोलीची कडी लग्नानंतर लवकरच तुटली. "बघतो" म्हणून नवऱ्यानं जी नजर तिच्यावरून काढली, ती पुन्हा तिकडे गेलीच नाही. पंधरा वर्षं थोरली अशा खोलीत झोपत होती जिथं कुणीही, केव्हाही, "अगं, माझा चष्मा पाहिलास का?" म्हणत घुसायचं. सासू केव्हातरी ताईकडे जाईल किंवा अप्पांकडे जाईल, आणि कडी आपल्याला मिळेल, एवढा साधा हिशेब ती मनात बाळगून होती. कुणाचं वाईट चिंतत नव्हती. वाट बघत होती.

तर त्या रविवारी सकाळी धाकटा खोकं घेऊन आला. एकटाच. त्याच्या बायकोला धुळीची अॅलर्जी आहे आणि ती महिन्याच्या शेवटच्या रविवारीच उठते.

"आई, वहिनी, आजपासून तुमचं झाडणं बंद!" त्यानं दारातूनच जाहीर केलं. "मागच्या आठवड्यात ट्रायल घेतली होती ना, तेच हे. तुम्ही दोघी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला होतात तेव्हा. सगळ्या घराचा नकाशा याच्या डोक्यात आहे आता."

खोक्यातून निघालं ते गोल, चपटं, काळं यंत्र. सासूनं वाकून पाहिलं.

"हे झाकण कशाचं?"

"झाकण नाही गं, रोबो आहे. आपोआप झाडतो."

"आपोआप म्हणजे कोण झाडतं?"

तेवढ्यात झाकणाला घरचं वायफाय सापडेना. मग दोघे भाऊ सोफ्यावर फोनात डोकी घालून बसले. आधी पासवर्ड सापडेना. सापडला तो जुना निघाला. नवा घातला तर झाकण म्हणालं अपडेट हवं. अपडेट उतरवता उतरवता वायफाय गेलं. थोरल्यानं उठून, हो, चक्क उठून, भिंतीवरच्या डबीचं बटण बंद करून चालू केलं आणि कंबर धरून परत बसला. भावाभावांनी एकमेकांकडे असं पाहिलं की जणू दोघांनी मिळून विहीर खणली.

तेवढ्या वेळात थोरलीनं पंखे पुसले, कपाटं पुसली, चारही खिडक्यांच्या काचा पुसल्या. वॉशिंग मशीनच्या दाराचं कुलूप पुन्हा अडकलं होतं. आत कपडे, बाहेर लाल दिवा. तिनं नेहमीप्रमाणे मशीनच्या कुशीत गुडघा मारला. दार उघडलं. या घरातली सगळी यंत्रं तिचा गुडघा ओळखायची.

टॅबलेट जेवणाच्या टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर ताईचे ओठ हलत होते.

"ताई, तुम्ही म्यूटवर आहात," थोरली म्हणाली.

ओठ आणखी जोरात हलले.

"म्यूटवर! खालचं बटण दाबा!"

"...पात्यांच्या मागच्या बाजूनं तसंच राहिलंय म्हणते मी!" ताई एकदम फुटली. "मला इथून दिसतंय, तुला तिथून दिसत नाही?"

"तिथून चांगलं दिसतं म्हणूनच तुम्हाला तिथं बसवलंय," थोरली म्हणाली आणि बादली उचलली.

"वहिनी, फरशी मोकळी करशील का?" सोफ्यावरून धाकटा. "खुर्च्या टेबलावर उलट्या ठेव. पायपुसणी उचल, ती त्याच्या ब्रशात अडकतात. वायरी वर घे. आणि मोठा कचरा असेल तर एकदा हातानं झाडून घे. याला फक्त बारीक धूळ झेपते."

थोरली थांबली. "म्हणजे याला झाडता यावं म्हणून आधी मी झाडून घेऊ?"

"एकदाच गं."

"मी खुर्च्या उचलायच्या, पायपुसणी उचलायची, झाडायचं. मग हा झाडणार. आणि मग याला कोण साफ करणार?"

"त्याची डबी फक्त रिकामी करायची. आणि ब्रशातले केस काढायचे. आठवड्यातनं एकदा फिल्टर धुवायचा, बस."

"म्हणजे घरात अजून एक पुरुष आला," थोरली म्हणाली.

सासूनं तोंडाला पदर लावला. थोरलीनं ते पाहिलं आणि तिला नवल वाटलं. तिच्या वाक्यावर सासू हसल्याचं तिला आठवत नव्हतं.

शेवटी झाकणाला वायफाय सापडलं. दिवा हिरवा झाला, त्यानं इंग्रजीत काहीतरी म्हटलं आणि ते हॉलभर भटकायला लागलं. भिंतीला धडकायचं, मागे यायचं, विचार करायचं, पुन्हा तिथंच धडकायचं. दोघे भाऊ पोराचं पहिलं पाऊल बघावं तसे त्याच्याकडे बघत होते.

"काय बडबडतंय ते?" सासू म्हणाली.

"सांगतंय की कुठली खोली झाडतोय."

"मग कळेल असं सांगायला सांग. माझ्या घरात फिरतंय, मला कळायला नको?"

"आपली भाषा आहे आई त्यात!" धाकटा फुशारला. "दादा, तुझ्याकडे दिला ना फोन, सेटिंगमध्ये जा. भाषा. हां. आवाज पण मोठा कर, आईला ऐकू येत नाही."

आणि थोरल्यानं आयुष्यात पहिल्यांदा एक काम सांगितल्याबरोबर केलं. पुढचं सगळं त्यामुळं झालं.

"हॉल," झाकण खणखणीत बाईच्या आवाजात म्हणालं. "स्वच्छता पूर्ण."

सासूनं टाळी वाजवली. ताईनंही पडद्यातून वाजवली. झाकण वळलं आणि थोरलीच्या खोलीत शिरलं. "दादा-वहिनी. स्वच्छता सुरू." पलंगाखालून त्यानं थोरल्याचा एक मोजा ओढून काढला आणि फरफटत दारापर्यंत आणला. "दादा-वहिनी. स्वच्छता पूर्ण."

"नावानिशी ओळखतं की रे!" सासू हरखली. "चल, माझ्याकडे येतंय. मी जाऊन बसते."

"पलंगावर बस आणि पाय वर घे," धाकटा म्हणाला. "पाय खाली असले की ते अडतं."

सासू आत जाऊन पलंगावर पाय वर घेऊन बसली. दोन्ही हातांनी पोटऱ्या धरून, पूर आलेल्या घरातलं माणूस बसतं तशी. थोरली सवयीनं फडकं घेऊन दारात उभी राहिली. ही खोली तिच्या वाटणीची. हिच्या कोपऱ्यात कुठं जाळं धरतं, कुठली फरशी हलते, अप्पांच्या फोटोमागं पाल कधी येते, हे तिला सासूपेक्षा जास्त ठाऊक होतं.

झाकण उंबऱ्यावर अडखळलं, चढलं, पलंगाखाली गेलं. आणि पलंगाखालून, सासूच्या बरोबर बुडाखालून, स्पष्ट आवाज आला.

"ऑफिस. स्वच्छता सुरू."

झाकण पलंगाच्या एका पायाला धडकलं, मग दुसऱ्या पायाला.

"काय म्हणालं?" सासूनं विचारलं.

थोरलीला ते ऐकताक्षणी कळलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात आधी सासूविषयी कळवळा आला नाही. आधी आला तो संताप. आपण पंधरा वर्षं रांगेत उभे, आणि हा धाकटा रांग मोडून थेट खिडकीशी पोचला. सासूच्या चेहऱ्याकडे तिनं पाहिलं ते त्यानंतर.

"ऑफिस म्हणालं, आई," ती म्हणाली.

"हॉलला हॉल म्हणालं. तुमच्या खोलीला दादा-वहिनी म्हणालं. मग मी बसलेय ते ऑफिस कसं?"

धाकटा दारात आला. "अगं आई, ते डिफॉल्ट नाव असतं. मशीन स्वतःच काहीतरी देतं."

"मशीनला दादा-वहिनी माहीत आहेत आणि आई माहीत नाही?"

"म्हणजे... टाइप करताना..."

"काय टाइप करताना? खोलीत माझा पलंग आहे, माझं कपाट आहे, तुझ्या बापाचा फोटो आहे. यातलं काय बघून तुला ऑफिस सुचलं?"

धाकट्यानं दादाकडे पाहिलं. दादानं कंबरेला हात लावला.

"अहो," थोरली नवऱ्याला म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

"मला म्हणजे... तो म्हणाला होता, बघू म्हणून. त्याचं काम आता घरूनच असतं. त्यांची जागा लहान. इकडे परत यायचं म्हणतात दोघं. मी म्हटलं, बघू."

"बघू," थोरली म्हणाली. "कडीसारखं."

"आणि मी?" सासू. "मी कुठं जाणार होते? बोला ना. मला कुठलं नाव टाइप केलंयत?"

दोन्ही भावांच्या नजरा एकदमच टेबलावरच्या टॅबलेटकडे गेल्या. थोरलीनं तो उचलला आणि सासूच्या समोर धरला. पडद्यावर ताई एकदम निश्चल बसली होती. तोंड अर्धवट उघडं, डोळे एका जागी.

"रेंज गेली वाटतं," थोरला आशेनं म्हणाला.

"ताई," थोरली म्हणाली, "तुमच्या मागचा पंखा फिरतोय."

ताईची पापणी लवली.

"अगं आई, हवापालट गं, दुसरं काय!" ताई एकदम जिवंत झाली. "किती दिवस म्हणते, माझ्याकडे ये. पोरांनाही आजी हवी. आमची पोरं सांभाळणारी बाई गेली सोडून, तर पोरं घरी आली की घरात कुणीच नसतं... म्हणजे त्यासाठी नव्हे. तुझ्यासाठीच."

"किती दिवसांसाठी?"

"तुला आवडेल तितके."

"आणि आवडलं नाही तर?"

ताई पुन्हा निश्चल झाली. या वेळी पंखाही थांबला होता. खरंच रेंज गेली असेल, नाहीतर हुशार बाईनं तोही बंद केला असेल.

झाकण पलंगाखालून बाहेर आलं. सासूचे पाय आता खाली आले होते, फरशीवर घट्ट रोवलेले. झाकण त्यांना येऊन धडकलं.

"समोर अडथळा आहे," ते म्हणालं. "अडथळा दूर करा."

थोरलीला हसू आलं असतं, पण सासूनं पाय हलवले नाहीत. झाकण पुन्हा धडकलं. "समोर अडथळा आहे. अडथळा दूर करा."

"आई, जरा पाय..." धाकट्याच्या तोंडून सवयीनं निघालं. त्यानं ते मध्येच गिळलं, पण उशीर झाला होता.

"अप्पांनी हे घर माझ्या नावावर केलं," सासू शांतपणे म्हणाली, "तेव्हा तुम्ही तिघं महिनाभर माझ्याशी धड बोलला नव्हतात. मला वाटलं, बाप गेल्याचं दुःख आहे." तिनं तोंडातली कवळी जिभेनं नीट बसवली. बोलण्याची तयारी करताना ती हे करायची. थोरलीला तो आवाज पाठ होता, एरवी तो तिच्यासाठीच असायचा. आज पहिल्यांदा तो दुसऱ्या कुणासाठी होता. "फोन दे तुझा."

"आई, मी बदलतो ना नाव. आत्ता बदलतो."

"तू नको. तू टाइप केलंस की काय होतं ते ऐकलं मी. सूनबाई, तू घे."

थोरलीनं टॅबलेट नवऱ्याच्या हातात दिला आणि हात पुढे केला. धाकट्यानं दादाकडून घेऊन फोन दिला, तोवर त्याला कुलूप लागलं होतं. तिनं तो त्याच्या चेहऱ्यासमोर धरला. फोन थरथरला. चेहरा ओळखता येत नाही, असं पडद्यावर आलं.

"जरा नेहमीसारखा चेहरा करा भावोजी," थोरली म्हणाली. "सकाळी खोकं घेऊन आलात तेव्हा होता तो."

तिसऱ्या खेपेला फोनला दया आली. नकाशा उघडला. रंगीत चौकोनांत सगळं घर. थोरलीनं कोपऱ्यातल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"काय घालू?"

"आईची खोली."

तिनं घातलं.

"आता हॉल."

"हॉलला काय?"

"आईची खोली."

थोरलीनं वर पाहिलं. मग मान खाली घालून टाइप केलं. तिच्या खोलीचा चौकोन आला. ती क्षणभर थबकली, सासूकडे न बघताच "इथंही?" म्हणाली.

"इथंही. ती काय तुझ्या माहेरून आली?"

"आई, हा काय पोरखेळ आहे?" थोरला म्हणाला.

"तू बस. कंबर दुखेल."

न्हाणीघर झालं. गॅलरी झाली. राहिला स्वयंपाकघराचा चौकोन. सासू जराशी मागे टेकली. तिच्या चेहऱ्यावर राज्य वाटून देणाऱ्यांचा दानशूरपणा आला.

"स्वयंपाकघर तुझ्या नावानं घाल, सूनबाई. तेवढं तुझं."

थोरलीचं बोट पडद्यावर तसंच राहिलं.

"आई, स्वयंपाकघर पंधरा वर्षं माझ्याच नावावर आहे," ती म्हणाली. "त्याला झाकणाची साक्ष नको. दुसऱ्या कुणाला हवंय का, तेवढं विचारा."

थोरला खोकला. आपल्या आईला असं कुणी बोलल्यावर काय होतं, ते त्यानं लहानपणापासून पाहिलं होतं. सासूनं कवळी पुन्हा बसवली. खोलीतल्या साऱ्यांनी तो आवाज ऐकला. ती सुनेकडे बघत राहिली, भांडं घेताना बाई ते उलटंपालटं करून बघते, तशी.

"धाकट्याच्या नावानं घाल," ती म्हणाली. "घरी परत यायचंय ना त्याला? येऊ दे. त्याची खोली तयार आहे. सिंकमध्ये सकाळची भांडी आहेत, आत्ताच सुरुवात करू दे. थोरल्या, तू पुसायला जा. पुसायला कंबर लागत नाही, मी बघितलंय."

"आई..."

"शेवटचा रविवार आहे. दुसऱ्याची खोली साफ करायची. नियम तुझ्या बापाचा."

टॅबलेट पुन्हा टेबलावर ठेवून दोघे भाऊ गेले. थोडा वेळ नळाचा आवाज आला, मग काहीतरी फुटल्याचा, मग "तू धर ना नीट!" असा. थोरली जायला वळली, सवयीनं.

"थांब," सासू म्हणाली. "दार लोट."

थोरलीनं झाकण थांबवलं, पायानं बाहेर सरकवलं आणि दार लोटलं.

"तुझा डोळा आहे या खोलीवर."

खोटं बोलावं असं थोरलीला वाटलं, पण इतक्या वर्षांनी मेहनत कोण करणार. "आहे," ती म्हणाली.

"मी ताईकडे जावं असं तुलाही वाटत होतं."

"वाटत होतं. पण टाइप करून ठेवलं नव्हतं."

सासूनं त्यावर मान हलवली. हे तिला पटण्यासारखं होतं. "माझ्यामागं तुझी. पण मला घाई नाही, सांगून ठेवते. खालची कवळी जरा सैल झालीय, ती घट्ट करून दे, अजून पुष्कळ चावायचंय."

"करून देते."

"आणि तोवर दुपारची येत जा. खुर्ची आहे ती खिडकीशी. कडी लावत जाऊ." ती थांबली. "बोलायचं मात्र नाही."

"बोलायला कोण येतंय?" थोरली म्हणाली.

ती दारापाशी गेली आणि तिनं कडी वर सरकवली. गंजलेली होती, पण बसली. या कडीवरची धूळ ती दर महिन्याला पुसत आली होती. लावली आज पहिल्यांदा. मग खिडकीशी खुर्चीत बसून तिनं फोनवरचं 'पुन्हा सुरू' दाबलं.

बाहेर झाकण जागं झालं. हॉलमध्ये त्याचा आवाज घुमला. "आईची खोली. स्वच्छता पूर्ण." मग थोरल्याच्या खोलीतून, मोजा पडला होता तिथून, "आईची खोली. स्वच्छता पूर्ण." टेबलावरच्या टॅबलेटमधून ताईचं, रेंज आलेलं, "हे काय चाललंय? कुणी आहे का तिथं? हॅलो?" ऐकू आलं.

सासू डोळे मिटून पलंगावर पडली होती. थोरली उन्हात पाय पसरून बसली होती. कुणीतरी दाराची मूठ फिरवली. "अगं, घासणी कुठं आहे?" थोरला होता. मूठ दोनदा फिरली. दार उघडलं नाही. मग पावलं परत गेली.

झाकण स्वयंपाकघरात पोचलं.

"धाकट्याची खोली," ते म्हणालं. "स्वच्छता सुरू." आणि लगेच, सिंकसमोर उभ्या असलेल्या कुणाला तरी धडकून, "समोर अडथळा आहे. अडथळा दूर करा."

"वहिनी!" धाकटा ओरडला. "हे माझ्या पायात येतंय! काय करू याचं?"

सासूनं डोळे उघडले नाहीत.

"पाय वर घे म्हणावं," ती म्हणाली.